वीतभर हिरवं

पांघरूण माझ्या घरी आलं ते सायकलच्या कॅरिअरवर, सुतळीनं आवळून. देवळाचे राखणदार शमुवेलकाका दारातूनच ओरडले, "एस्तर, घे गं ताब्यात. अस्तर पार गेलंय याचं. एका कोपऱ्याला उंदरांनी संसार मांडला व्हता."

मी हात पुसत बाहेर आले. "माझ्याकडं द्यायला कुणी सांगितलं?"

"आढावबाईंनी. दुसरं कोण सांगणार? म्हणाल्या, एस्तरसारखा टाका आता कंपाउंडात कुणाचा ऱ्हायला न्हाई." त्यांनी पिशवीतून मांजरपाटाची घडी काढली. "हे नवं अस्तर. देवळाच्या वर्धापनदिनाआधी पाहिजे. आन् द्यायच्या आधी बाई सोता येऊन बघणारेत."

"दिसतं का त्यांना आता?"

"डोळ्यांनी न्हाई. बोटांनी बघत्यात."

काका गेले. मी सुतळी सोडली आणि पांघरूण ओसरीवर पसरलं. आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिनं एकदा पांघरुणाकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. आढावबाईंनी स्वतःच्या तोंडानं माझं नाव घेतलं होतं. मला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

आमचं कंपाउंड मिशनचं. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात, आणि देवळाच्या माणसांना मंडळी. मंडळीत कुणी वारलं की त्याच्या शवपेटीवर हे एकच पांघरूण पडायचं. गरीब असो की हेडमास्तर, पांघरूण तेच. माती दिल्यानंतरच्या गुरुवारी बायकांची शिवणाची बैठक भरायची, आणि गेलेल्या माणसाच्या कपड्यातला वीतभर तुकडा त्यावर शिवला जायचा. कुणाचं लुगडं, कुणाचा कोट, एका तान्ह्या पोराचं झबलंसुद्धा होतं. जो नवा त्याखाली जाईल त्याला आधी गेलेल्या सगळ्यांची ऊब मिळते, असं बाई सांगायच्या. लहानपणी मला ते इतकं आवडायचं की मरणाची भीतीच वाटायची नाही.

बाई म्हणजे मनोरमाबाई आढाव. आमच्या आधीच्या पाळकसाहेबांची पत्नी आणि मिशनच्या शाळेतली शिवणबाई. कंपाउंडातल्या प्रत्येक मुलीनं त्यांच्याच हाताखाली सुईत दोरा ओवला. गुरुवारी आधी शास्त्रातला एक भाग वाचायचा, मग शिवायला बसायचं, आणि शिवता शिवता बाई त्या भागाचा अर्थ आमच्या हातातल्या कामातून काढून दाखवायच्या. दोरा फार लांब घेतला की गुंततो, तशी देवाकडे फार लांबलचक मागणी करायची नाही. अंगुस्तान न घालता शिवलं की बोट सोलतं, तसं प्रार्थना न करता दिवसाला हात घालायचा नाही. ऐकायला गोड वाटायचं, आणि खरं सांगायचं तर पटायचंही.

त्यांची एक खोड मात्र सगळ्यांना घाम फोडायची. काम कितीही सुबक झालं तरी त्या वरून बघतच नसत. कापड हातात घेतलं की आधी पालथं करायच्या. "वरची बाजू माणसांसाठी," म्हणायच्या. "उलटी बाजू देव बघतो. गाठी कुठे लपवल्यात, दोरा कुठे लोंबतोय, सगळं तिथे कळतं." मग एखादीच्या गाठी सापडल्या की ते कापड साऱ्या बैठकीत फिरायचं. माझं पुष्कळदा फिरलं. माझ्या बहिणीचं, सुगंधाचं, एकदाही नाही.

सुगंधा बाईंची लाडकी होती. तिची उलटी बाजू सुलटीइतकीच साफ असायची. तिचं दृढीकरण झालं, म्हणजे ती मंडळीची पक्की सभासद झाली, तेव्हा बाईंनी तिला हिरवी इरकल दिली, लाल रेशमी काठांची, सोलापूरहून मुद्दाम मागवलेली. पुढे ती साडी सुगंधानं इतकी नेसली, इतकी धुतली की नव्याचा करकरीतपणा जाऊन ती सायीसारखी मऊ झाली. ती घर सोडून गेली तीही त्याच साडीत. एका हिंदू ट्रकवाल्याशी तिनं लग्न केलं, त्याच्या गावच्या देवळात, त्याच्या पद्धतीनं. दोन पावसाळ्यांनंतर परत आली तीही त्याच साडीत, डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. नवऱ्यानं कावीळ उतरेपर्यंत माहेरी जा म्हणून एसटीत बसवून दिलं होतं. कावीळ उतरली नाही. आठवडा काढला तिनं, आणि आईच्या मांडीवर गेली.

पाळकसाहेबांनी स्मशानात जागा दिली. पांघरूण मात्र बाईंच्या कपाटात होतं, आणि किल्लीही बाईंकडे. त्या देवळाकडे फिरकल्याच नाहीत. सुगंधाची पेटी उघड्या फळ्यांची गेली.

तरी आईला आशा होती. पुढच्या गुरुवारी आई बैठकीला गेली, मीही बरोबर होते. आईनं इरकलीच्या कोपऱ्यातून वीतभर चौकोन कापून हातरुमालात बांधून नेला होता. वाचन झालं. बाईंनी चष्मा काढला.

"सगुणा, हातात काय आहे?"

"सुगंधाचा तुकडा, बाई. पांघरुणाला." आईचा आवाज एवढासा झाला होता. "पेटीवर न्हाई पडलं ते जाऊ द्या. तुकडा तेवढा लावून घ्या. वीतभर तर हाय."

बाईंनी तो घेतला नाही. सगळ्या बायकांकडे एकदा पाहून त्या म्हणाल्या, "आज हाच पाठ घेऊ. जुन्या कापडाला नव्या कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं तर काय होतं? सांग गं, एस्तर."

मी सतरा वर्षांची. मला उत्तर पाठ होतं, आणि मी मूर्खासारखी दिलंही. "कोरं कापड धुतल्यावर आटतं, आणि जुन्यालाही फाडतं."

"बरोबर. म्हणून शास्त्र सांगतं, तसं करू नये. हे पांघरूण मंडळीचं जुनं कापड आहे. जी आपल्या पायांनी मंडळीबाहेर गेली, तिचा तुकडा यात लावला तर उद्या सगळंच फाटेल." मग आईकडे वळून, अगदी सावकाश, "उचल तो, सगुणा."

आईनं रुमाल उचलला. बायका आपापल्या टाक्यांवर वाकल्या. बायजाबाई, जी सुगंधाला अंगाखांद्यावर खेळवायची, तीही सुईच्या नेढ्यात डोळा लावून बसली. त्या दिवसानंतर आई बैठकीला गेली नाही. तुकडा तिनं अंगुस्तानाच्या पत्र्याच्या डबीत ठेवला, आणि डबी कायम कमरेच्या पिशवीत. मरायच्या आधी पोरीचा तुकडा मंडळीच्या पांघरुणावर बघायचा, एवढंच तिचं मागणं उरलं होतं. माझं मागणं वेगळं होतं. मला बाईंना त्याच साऱ्या बायकांसमोर, त्यांच्याच पाठानं, खाली मान घालायला लावायचं होतं.

म्हणून मी बैठक सोडली नाही. दर गुरुवारी गेले. लोक म्हणाले, पोरगी मोठ्या मनाची. कसलं मोठं मन! मला टाका शिकायचा होता, बाईंच्या तोडीचा. मी इतकी शिवत राहिले की शेवटी माझी उलटी बाजूही साफ झाली. लग्न झालं, नवरा एसटीत कंडक्टर, आई माझ्याकडेच राहायला आली. आणि आता पांघरूण माझ्या ओसरीवर पडलं होतं.

जुनं अस्तर उसवायला एक दुपार लागली. ते काढल्यावर मी आत गेले आणि आईची ट्रंक उघडली. इरकल तळाशी होती, एक कोपरा वीतभर कमी.

आई दारात येऊन उभी राहिली. "काय करतीस?"

"अस्तर."

"मांजरपाट दिलाय ना त्यांनी?"

"तो वरून लावीन. त्याच्या आत ही."

आईला समजायला थोडा वेळ लागला. मग ती तिथेच उंबऱ्यावर बसली. "आसं चोरून नको, एस्तू. वीतभर मागितलं व्हतं म्या. मागून."

"मागून मिळालं नाही ना? वीतभर जागा देत नव्हत्या, आता अख्खी साडी घेतील. जो जो मरेल तो सुगंधाखाली जाईल. आणि एक दिवस त्या जातील. तेव्हा बघ तू."

"काय बघू?"

मी कात्री उचलली. साडी मधोमध कापून दोन्ही भाग जोडले आणि पांघरुणाला बारीक, पक्क्या टाक्यानं शिवली. असा टाका मी जन्मात घातला नव्हता. उसवायचं म्हटलं तर कापड फाटलं असतं. त्यावर मांजरपाट मात्र कच्च्या टाक्यानं लावला. चार बाजूंना चार गुळगुळीत रेशमी दोरे, एका टोकाला सैल गाठ. गाठ सोडून दोरा ओढला की सर्रकन निघावा असा. कच्चा टाका काय असतो हे शिवणाऱ्या बायकांना सांगायला नको. काम होईस्तोवर कापड धरून ठेवायचं आणि वेळ आली की काढून टाकायचा.

बाई सकाळीच आल्या, सुनेचा हात धरून. सुनेला म्हणाल्या, तू बाजार करून ये, मला इथे वेळ लागेल. खाटेवर बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "आण."

मी पांघरूण त्यांच्या मांडीवर ठेवलं. आधी त्यांनी वरचे तुकडे चाचपले. "हा आमच्या साहेबांचा कोट. हे येशूबाईंचं लुगडं. हे झबलं बायजाच्या नातवाचं." चेहरा मऊ झाला होता. "चांगलं जपलंयस. आता उलटं कर."

मी उलटं केलं. त्यांची बोटं कडेवरून चालू लागली आणि लगेच थांबली. "हा टाका कच्चा का?"

"शेवटी पक्का करणार आहे."

"आणि मध्ये काय घातलंयस? जाड लागतंय."

"कापड."

"कसलं कापड?"

त्यांनी मांजरपाट चिमटीत धरून आतलं कापड चोळलं. काठ सापडला. काठावरून बोटं घसरत कोपऱ्याकडे गेली. तिथे, जिथे कापड असायला हवं होतं, तिथे वीतभर काहीच नव्हतं. त्या जागेवर त्यांचा तळवा कितीतरी वेळ पालथा पडून राहिला.

"ही इरकल आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"सुगंधाची."

"तुम्हीच दिली होती."

त्यांनी हात काढून घेतला. मग एकदम बैठकीतला आवाज लावून त्या म्हणाल्या, "उसव."

मी कात्री घेतली आणि त्यांच्या हातात दिली. "तुम्ही उसवा. माझ्याच्यानं होणार नाही."

"एस्तर, हा सूड आहे."

"आहेच."

"शास्त्रानं सूड कुणावर सोपवलाय?"

"देवावर. तुम्हीच शिकवलंय. पण देवाचं काम तुम्ही त्या गुरुवारी स्वतःच्या हातात घेतलंत बाई, तेव्हा कुठे विचारलंत त्याला?"

त्यांनी कात्री घट्ट धरली. मी थांबले नाही. इतक्या वर्षांचं होतं ते, थांबणार कसं? "आणि पाठही चुकला होता तुमचा. कोरं कापड जुन्याला फाडतं, ते खरं. पण ही साडी कोरी कुठे होती? शंभरदा धुतलेली होती. जेवढी आटायची तेवढी आटून झाली होती. तुम्ही शिवणबाई ना? एकदा हात लावला असतात तरी कळलं असतं. तुम्ही तुकडा हातातसुद्धा घेतला नाहीत."

कात्री त्यांनी खाटेवर ठेवली, चाचपून, पातं आपल्याकडे करून. तशीच ठेवायला त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. "ती मला सांगून गेली नाही," त्या एवढंच म्हणाल्या. "सगळ्यांना नाही सांगितलं ते ठीक. मला तरी सांगायचं."

मला तेव्हा कळलं की हे सगळं मंडळीसाठी नव्हतंच. बाईंना राग आला होता, साधा, माझ्यासारखाच. त्यांनी त्याला शास्त्राचं अस्तर लावलं होतं. हे कळून माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

"राहू दे ती आत," बाई म्हणाल्या. "बरं केलंस. माझ्याही पेटीवर येईल तेव्हा येईल. फक्त टाका पक्का कर, आणि हे आपल्या दोघींतच ठेव."

"दोघींत का? त्या दिवशी दोघीच होतो का आपण? येत्या गुरुवारी बैठकीत सांगा. एवढंच सांगा की सगुणाचा तुकडा आणा. एवढं केलंत तर मी मांजरपाट पक्का शिवते, आणि पुन्हा या विषयावर तोंड उघडत नाही."

मी ते मनापासून म्हटलं होतं. आजही सांगते, त्या हो म्हणाल्या असत्या तर माझा सूड तिथेच संपला असता.

बाईंनी मान हलवली. "या वयात मला ते जमायचं नाही, एस्तर. सगळ्या म्हणतील, मग तेव्हा का..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. कप तिनं बाईंच्या हातात नीट धरवला आणि समोर उभी राहिली. मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते. आई समोर होती, दुसरं कुणी नव्हतं. सगळ्यांसमोर नको तर नको, इथे तरी. एक शब्द.

बाईंनी घोट घेतला. "सगुणा," त्या म्हणाल्या, "आलं घातलंस ना चहात?"

"घातलं, बाई," आई म्हणाली.

मी उठून परसात गेले. नाहीतर त्या दिवशी माझ्या हातून काय झालं असतं, सांगता येत नाही. टाका मी पक्का केला नाही.

वर्धापनदिन झाला. पांघरूण आणि त्याच्या कपाटाची किल्ली बाईंनी माझ्याकडेच ठेवली. त्यांना भरवसा होता की भीती, ते त्यांनाच माहीत. थंडी सरता सरता बाई गेल्या, झोपेतच. त्यांचा मुलगा प्रभुदास निरोप द्यायला आला तेव्हा म्हणाला, "एस्तरताई, पांघरूण घेऊन लवकर या. आईचा तुमच्यावर फार जीव होता."

देऊळ गच्च भरलं होतं. बाईंनी शिवण शिकवलेल्या मुली लांबलांबून आल्या होत्या, कुणी नातवंडं घेऊन. आईला मी पुढच्या बाकावर बसवलं. पेटी मध्यभागी ठेवली, पाळकसाहेबांनी खूण केली, आणि मी व शमुवेलकाकांनी पांघरुणाची दोन-दोन टोकं धरली. रीत अशी की तुकड्यांची बाजू वर यावी, म्हणजे लोकांना आपापलं माणूस ओळखता येतं. मी पालथं टाकलं.

"एस्तर," काका पुटपुटले, "उलटं पडलं."

"राहू दे."

पांढरा मांजरपाट पेटीवर पसरला होता. पाळकसाहेब नवे होते, तरुण. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, बाजू चुकली वाटतं."

"नाही साहेब." मी हळू बोलले नाही. शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात बोलले. "बाई प्रत्येकीचं काम उलटं करून बघायच्या. वरची बाजू माणसांसाठी, उलटी देवासाठी. आम्हा सगळ्यांना हेच शिकवलं त्यांनी. आज त्या देवाकडे चालल्यात, तर आज त्यांची उलटी बाजू बघू."

मी पहिली गाठ सोडून दोरा ओढला. सर्रकन आला. दुसरा, तिसरा. चौथा जरा अडला, तो मी दातानं तोडला. मांजरपाट धरून ओढला आणि खाली टाकून दिला.

हिरवी इरकल पेटीभर पसरली होती. लाल काठ दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत होते.

मग बायजाबाई उभी राहिली. आता ती वाकली होती, काठी टेकत होती. "अगं बया," ती म्हणाली, "ही तर सुगंधाची." नाव एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलं. त्या गुरुवारी ज्या बैठकीत बसल्या होत्या त्यांच्या माना एकेक करून खाली गेल्या. मी प्रत्येकीकडे पाहिलं. एकीलाही सोडलं नाही. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती असं पुढे मला पुष्कळांनी सांगितलं, पण मला आनंद झाला, पोटभर.

प्रभुदास पुढे आला. त्याचा चेहरा लालबुंद होता. "काढा ते! माझ्या आईच्या पेटीवर तमाशा मांडलाय!" त्यानं काठ धरला आणि ओढायला लागला.

तेव्हा आई उठली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पेटीपाशी येऊन तिनं कमरेच्या पिशवीतून डबी काढली, झाकण उघडायला तिला जरा कष्ट पडले, आणि हिरवा तुकडा बाहेर आला. साडीचा तो वीतभर नसलेला कोपरा बाईंच्या पायांशी होता. आईनं तुकडा त्या जागी ठेवला. घड्या निघेनात, म्हणून तळहातानं दाबून दाबून सरळ केला. काठाला काठ लागला.

"बाई," ती पेटीला म्हणाली, "थंडीचं दिस हायेत. आता कुठनं वारं लागायचं न्हाई तुम्हांला."

प्रभुदासच्या हातातून काठ सुटला. बायजाबाई मोठ्यानं रडायला लागली. मी तिथेच उभी होते, हातात चार दोरे घेऊन. ज्या क्षणासाठी मी अर्धं आयुष्य शिवत बसले होते तो आईनं माझ्या देखत उचलून नेला. मी सूड आणला होता, आणि तिनं त्याचं पांघरूण करून टाकलं.

पेटी तशीच, हिरव्याखाली, स्मशानापर्यंत गेली. खाली सोडायच्या आधी पांघरूण काढलं, घडी घातली, आणि मी ते घरी आणलं.

गुरुवारी बैठक आमच्याच ओसरीवर भरली. कुणी ठरवलं नव्हतं. एकेक बाई आली आणि बसली. आईही बसली, तिच्या जुन्या जागी. मी आधी सुगंधाचा तुकडा लावला, वरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा. मग बाईंच्या सुनेनं पदराआडून एक पांढरा चौकोन काढला, बाईंच्या साडीचा.

"हा लावता ना, एस्तरताई?"

"आज उशीर झालाय," मी म्हणाले. "पुढच्या गुरुवारी." आणि तो आईच्या रिकाम्या झालेल्या डबीत ठेवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कंपाउंडातल्या शिवणाऱ्या मुलींना मी शिकवते, आणि हो, कापड पालथं करूनच बघते. बाईंच्या सुनेनं पहिली काही वर्षं विचारलं, मग सोडून दिलं. आई गेली तेव्हा तिचा तुकडा मी सुगंधाशेजारी लावला. जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, "माझ्या दुसऱ्या अंगाला बाईंचा लाव. त्यांना एकटीला डबीत ठिवू नको, एस्तू."

मी हो म्हणाले होते. आईच्या दुसऱ्या अंगाला वीतभर जागा मी राखून ठेवली आहे. कुठल्याही नव्या मयताचा तुकडा तिथे लावत नाही. कधी कधी गुरुवारी सगळ्या गेल्यावर डबी उघडते, पांढरा तुकडा त्या जागेवर ठेवून बघते, सुईत दोराही ओवते. मग तो चहाचा दिवस आठवतो, आणि आईचं ते "घातलं, बाई" ऐकू येतं.

तुकडा पुन्हा डबीत जातो.